ॲस्बेस्टॉसजन्य व्यावसायिक कर्करोग

ॲस्बेस्टॉसजन्य व्यावसायिक कर्करोग : ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाची धूळ कामाच्या ठिकाणी श्वासावाटे शरीरात जाऊन कालांतराने उद्भवणारा कर्करोग. यात मुख्यतः फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसावरण व उदरावरण यांचा मेसोथेलिओमा हे दोन प्रकार मोडतात; स्वरयंत्र व स्त्रीचे अंडाशय यांच्या कर्करोगाशीही या खनिजाचा कार्यकारणसंबंध आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केला आहे. ॲस्बेस्टोसिस हा त्याच धुळीने होणारा फुप्फुसाच्या तंतुमयतेचा विकार स्वतः कर्करोग नव्हे. तथापि तो आढळणे म्हणजे त्या इसमाच्या छातीत पुष्कळ धूळ गेल्याचा पुरावाच होय. प्रस्तुत नोंदीत सातारा व सांगली हे जिल्हे, आणि त्यांतही खंडाळा तालुक्यातील शिरवळचा परिसर, विशेषत्वाने दृष्टीसमोर ठेवला आहे. धुळीशी संबंध एका ठिकाणी येतो आणि रोग दुसऱ्याच ठिकाणी प्रकट होतो, हे या व्याधीचे लक्षण मुंबईच्या नोकरीवर पिढ्यान्‌पिढ्या संसार चालविलेल्या या मुलखाच्या बाबतीत फार अर्थपूर्ण आहे.

तंतू व रोगोत्पत्ती : क्रायसोटाइल (पांढरा) हा सर्पेंटाइन गटातील, तर क्रोसिडोलाइट (निळा), अमोसाइट (तपकिरी), ट्रेमोलाइट, अँथोफायलाइट व ॲक्टिनोलाइट हे ॲम्फिबोल गटातील प्रकार होत. धुळीचे मापन करताना 5 मायक्रोमीटरपेक्षा लांब, 3 मायक्रोमीटरपेक्षा बारीक आणि रुंदीच्या किमान तिप्पट लांबी असलेले तंतूच मोजले जातात. असे तंतू वायुकोशांपर्यंत पोचतात, आणि त्यांना गिळू पाहणाऱ्या भक्षक पेशींना लांब तंतू पुरते गिळता येत नसल्यामुळे तेथे वर्षानुवर्षे दाह धुमसत राहतो व पेशींतील आनुवंशिक द्रव्याला इजा पोचते. काही तंतू फुप्फुसावरणापर्यंत सरकतात. प्रथम संपर्क आणि रोगाचे प्रकटीकरण यांमध्ये बहुधा 20 ते 40 वर्षे, मेसोथेलिओमाच्या बाबतीत कधी त्याहूनही अधिक काळ जातो. विडी-सिगारेटने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. धूम्रपान न करणाऱ्या व या धुळीपासून दूर असलेल्या माणसाचा धोका 1 धरल्यास केवळ धुळीने तो सुमारे 5, केवळ धूम्रपानाने सुमारे 11 आणि दोहोंच्या संयोगाने 50 च्या वर जातो, असे अमेरिकेतील उष्णतारोधनाच्या कामगारांविषयीच्या 1979 च्या प्रसिद्ध अभ्यासात आढळले. मेसोथेलिओमाचा मात्र धूम्रपानाशी संबंध नाही.

ज्ञानाचा इतिहास : इंग्लंडमधील रॉचडेल येथील कारखान्यात 20 वर्षे वा त्याहून अधिक काम केलेल्या 113 पुरुषांचा मागोवा घेऊन रिचर्ड डॉल यांनी 1955 साली असे दाखविले की, जेथे फुप्फुसाच्या कर्करोगाने एकही मृत्यू अपेक्षिता येत नव्हता (गणिताने 0.8), तेथे 11 मृत्यू घडले होते. 1960 साली दक्षिण आफ्रिकेत जे. सी. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे 33 रुग्ण नोंदविले. त्यांतील कित्येक खाणीत कधीही न उतरलेले, केवळ खाणीच्या आसमंतात राहिलेले होते. 1965 साली लंडनमधील न्यूहाउस व टॉम्प्सन यांच्या पाहणीत कामगारांच्या घरची माणसेही रोगग्रस्त आढळली. कामावरून आलेले धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांना हा धोका पोचतो, ही गोष्ट त्या काळापासून वैद्यकाला ठाऊक आहे.

महाराष्ट्रातील संपर्क : ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांचे उत्पादन हिंदुस्थानात 1934 साली मध्य प्रांतातील कैमोर येथे सुरू झाले, पुढे मुंबईच्या मुलुंड येथेही ते होऊ लागले. घाटकोपर येथे 1956 पासून ब्रेकच्या अस्तरांचा व ॲस्बेस्टॉसच्या विणीव मालाचा कारखाना चालत आला. याखेरीज बाष्पित्रे व वाफेच्या नळांवरील उष्णतारोधक लेप, दोरी व कापड यांमुळे रेल्वेच्या कर्मशाळा, गोदी, वीजकेंद्रे आणि दारूखाना येथील जहाजे तोडण्याचा धंदा या सर्वांत कामगारांचा या खनिजाशी संबंध आला. या व्यवसायांत घाटावरून, म्हणजे सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतून आलेल्या माणसांचा भरणा मोठा होता. खोलीवर गाळाभर माणसांत राहून, दिवाळी-यात्रेला गावी येऊन, निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून गावाकडे घर बांधून हा कामगार परत आला. आणि तंतूंनी घेतलेली मुदत बहुधा तेथे, नीरेच्या वा कृष्णेच्या काठी, भरत आली.

शिरवळ हे पुणे-बंगळूर महामार्गावरील, नीरा नदीकाठचे गाव गेल्या काही दशकांत कारखानदारीचे ठाणे बनले आहे. या परिसरात ॲस्बेस्टॉसजन्य कर्करोगाची पद्धतशीर पाहणी झालेली प्रस्तुत संकलकास आढळली नाही. म्हणून येथे केवळ संपर्काच्या संभाव्य जागा नमूद करणे उचित होय. पहिली जागा छपराची. लोक ज्यांना ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणतात ते शाबूत असताना तंतू फारसे सोडत नाहीत. परंतु हुकासाठी ड्रिलने भोक पाडताना, करवतीने पन्हळ कापताना, किंवा जुनी शेड उतरविताना पत्रा वरून खाली टाकून फोडला जाताना जी पांढुरकी भुकटी उडते, तीत मोकळे तंतू असतात, आणि ते काम करणारा मजूर बहुधा रोजंदारीवरचा असल्यामुळे त्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर राहत नाही. दुसरी जागा महामार्गावरील गॅरेजांची. खंबाटकीचा घाट ओलांडणाऱ्या मालमोटारींचे ब्रेक उघडले की ड्रममध्ये साठलेली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून देण्याची व नवे लायनर घासून बसविण्याची रीत सर्वत्र आहे. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस सर्रास असे, हल्ली त्याविना बनविलेलेही मिळतात. ब्रेकच्या धुळीने मेकॅनिकांत मेसोथेलिओमाचे प्रमाण वाढते की नाही, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. ओल्या फडक्याने ड्रम पुसण्यात मात्र कोणाचेच नुकसान नाही.

नोंद का होत नाही : भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी 1963 साली मुंबईत आणि पहिली ग्रामीण नोंदणी 1987 साली बार्शी येथे सुरू झाली, दुसरीच्या कक्षेत बार्शी, परांडा व भूम हे तालुके होते. अशा नोंदणीत रुग्ण गणला जातो तो त्याच्या निवासस्थानावरून. त्यामुळे मुलुंड वा घाटकोपर येथे उमेदीची वर्षे घालवून खंडाळा किंवा पाटण तालुक्यात कायमचा राहावयास गेलेला मनुष्य रोग जडल्यावर मुंबईच्या आकड्यांत येत नाही, आणि रुग्णालयाच्या केसपेपरावर त्याचा व्यवसाय ‘शेती’ असाच लिहिला जातो, जो त्या दिवशी खराही असतो. भारतात मेसोथेलिओमा विरळ असल्याचे जे अनुमान काढले जाते, त्याचे मूल्यमापन करताना ही गोष्ट विसरणे हा त्या कामगारांवर अन्याय होय.

दुसरे कारण क्षयरोगाची दाट छाया. पाचगणी व मिरजेजवळील वानलेसवाडी येथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांचा हा मुलूख असून खोकला, धाप व छातीत पाणी म्हणजे क्षय, हे समीकरण येथील रुग्ण व वैद्य दोघांच्याही मनात पक्के रुजलेले आहे. आणि क्षय खरोखरच विपुल असल्यामुळे ते बहुधा बरोबरही ठरते. घाटकोपरच्या उपर्युक्त कारखान्यातील (हिंदुस्थान काँपोझिट्स, पूर्वीचे हिंदुस्थान फेरोडो) कायम कामगारांची डॉ. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी केलेली पाहणी 2005 साली प्रसिद्ध झाली, तीत ॲस्बेस्टोसिसला क्षय समजण्याच्या चुकीचा स्पष्ट निर्देश आहे. 232 पैकी 181 कामगारांनी तपासणी करून घेतली व त्यांतील 22 टक्क्यांच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टोसिस आढळला. अशा रोग्यांना क्षय वा जुनाट श्वासनलिकादाह म्हणून वाटेस लावले जाते, असे संशोधकांनी नमूद केले. भारतात अंदाजे 1 लाख कामगारांचा या धुळीशी संबंध येत असता मोबदला मिळालेले 30 देखील नाहीत, असेही त्यांचे म्हणणे होते. सदर पाहणी कर्करोगाची नव्हती, हे ध्यानी ठेवावयास हवे. परंतु कारखान्याच्या व्यवस्थापनाबाहेर राहून, दाखला देण्याच्या हेतूने केलेली अशी तपासणी महाराष्ट्रात विरळाच, म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे.

निदान : क्ष-किरण चित्र, संगणकीय छेदचित्र, फुप्फुसावरणातील द्रवाची तपासणी व ऊतीचा तुकडा काढून केलेली परीक्षा. छातीत वारंवार पाणी होणारा, क्षयाच्या औषधांनी न सुधारणारा वयस्क रुग्ण समोर आल्यास ‘पूर्वी कोठे नोकरीस होता, कोणत्या खात्यात, काय हाताळीत होता’ हे तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

उपचार : शस्त्रक्रिया, रसायनोपचार, किरणोपचार व अलीकडे प्रतिकारक्षमतोपचार, मेसोथेलिओमात पूर्ण बरे होणे दुर्मिळ.

कायदा व मोबदला : अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी दिलेला निकाल या विषयातील आधारस्तंभ होय. कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात सांगितले असून प्रत्येक कामगाराचे आरोग्यविषयक दप्तर नोकरीच्या प्रारंभापासून किमान 40 वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जतन करण्याचा हुकूम कारखान्यांना केला आहे; तंतू मोजण्यासाठी पटल-गाळणीची पद्धती व प्रत्येक कामगारास विम्याचे वा भरपाईचे संरक्षण या बाबीही त्यात आहेत. रोगाला लागणारा काळ ओळखून मुदत आखणारा असा हा हुकूम आहे. याउलट 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने व्यावसायिक रोगांच्या परिशिष्टात ॲस्बेस्टॉसजन्य फुप्फुसाच्या कर्करोगाला स्थान दिले खरे, परंतु नोकरी सोडलेल्या कामगारासंबंधीची त्यातील खास तरतूद अशी होती की, लक्षणे नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत दिसली पाहिजेत. ज्या रोगाला वीस ते चाळीस वर्षे लागतात त्याला दोन वर्षांची मर्यादा लावली की हक्क कागदावर उरतो. विलंब माफ करण्याचा आयुक्तांचा अधिकार हाच मग रुग्णाचा किंवा त्याच्या वारसांचा आधार असे. अशा प्रसंगी जुनी पगारपत्रके, राज्य विम्याचे कार्ड, फंडाचा हिशेब व खात्याचे नाव असलेला कोणताही कागद मोलाचा ठरतो, आणि गावी परतताना तो ट्रंकेत जपून आणलेला असला तरच सापडतो.

बंदी : युरोपीय संघाने 2005 पासून सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. क्रायसोटाइल नियंत्रित वापरास योग्य आहे, असे भारतातील पत्रा-उद्योगाचे प्रतिपादन असून सुरक्षित अशी किमान मात्रा ठाऊक नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. सर्वोच्च न्यायालयाने बंदीची मागणी करणारा अर्ज 2011 साली फेटाळला. देशात नवे खाणपट्टे देणे 1986 साली थांबविण्यात आले. आयात केलेल्या क्रायसोटाइलपासून पत्रे करणे चालू आहे.