आपत्तीकाळातील स्थलांतराचे अपयश

वादळ, महापूर किंवा वणवा येऊन ठेपण्याआधी धोक्याच्या पट्ट्यातील माणसांना सुरक्षित जागी हलवण्याचा प्रयत्न फसणे, म्हणजे स्थलांतराचे अपयश. त्याचा दोष कोणाचा, हा वाद पाणी ओसरण्यापूर्वीच सुरू होतो आणि पहिले बोट बहुधा मागे राहिलेल्यांकडे वळते : सांगूनही ते निघाले नाहीत. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरात ऑगस्ट २००५ मध्ये आलेल्या कॅट्रिना चक्रीवादळाची चौकशी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी केली. त्यामुळे हा आरोप तपासून पाहायला तेथे भरपूर पुरावा उपलब्ध आहे. त्यातून दिसते ते असे की घर सोडण्याचा हुकूम काढणे आणि माणसे प्रत्यक्ष हलवणे ही दोन वेगळी कामे आहेत. म्हणून हुकूम पाळण्याचे साधन कोणाच्या हाती होते आणि ते अपुरे असल्याचे कोणाला आधीच ठाऊक होते, यावरूनच दोषाची वाटणी व्हायला हवी.

वादळ २९ ऑगस्टच्या पहाटे किनाऱ्याला धडकले. महापौर रे नेगिन यांनी २७ तारखेला लोकांना शहर सोडण्याचे आवाहन केले, पण सक्तीचा हुकूम २८ तारखेच्या सकाळी काढला. हाताशी जेमतेम एक दिवस उरला होता. ज्यांच्याकडे मोटारी होत्या, त्यांच्यापुरती योजना चांगलीच यशस्वी झाली. महामार्गाच्या दोन्ही बाजू शहराबाहेर जाणाऱ्या वाहनांसाठी मोकळ्या केल्या गेल्या आणि शहर व परिसरातील बहुसंख्य लोक, म्हणजे लाखो माणसे, वेळेत बाहेर पडली. पण सुमारे पावणेपाच लाख वस्तीच्या या शहराच्या स्वतःच्या आपत्कालीन आराखड्यातच नोंद होती, की जवळपास एक लाख रहिवाशांकडे स्वतःचे वाहन नाही. त्यांच्यासाठी उरला सुपरडोम हा बंदिस्त क्रीडागार, अखेरचा आसरा म्हणून. बांध फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेल्यावर हजारो माणसे तेथे आणि जवळच्या अधिवेशन केंद्रात अन्नपाण्यावाचून अडकली. त्यांना बाहेर नेणाऱ्या पुरेशा बसगाड्या वादळ उलटून तीन दिवस झाले तेव्हा कोठे येऊ लागल्या.

मागे राहिलेले हट्टी होते, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. १९९८ मध्ये जॉर्जेस आणि २००४ मध्ये आयव्हन ही वादळे शहराला बगल देऊन गेली होती, त्यामुळे याही वेळी तसेच होईल असे अनेकांना वाटले. काहींनी पाळीव जनावरांसाठी घर सोडले नाही. तरी सप्टेंबर २००५ मध्ये ह्यूस्टनच्या निवाऱ्यांतील आपद्ग्रस्तांची पाहणी झाली, तेव्हा न निघण्याचे मुख्य कारण म्हणून सर्वांत जास्त जणांनी सांगितले ते हेच, की गाडी किंवा निघण्याचे दुसरे साधन नव्हते. वादळ महिन्याच्या शेवटी आले होते आणि पगारावर वा सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांच्या हाती पेट्रोल किंवा हॉटेलपुरतेही पैसे नव्हते. लुइझियानातील मृतांपैकी जवळजवळ निम्मे ७५ वर्षांहून अधिक वयाचे होते. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला बेफिकीर म्हणणे हा अन्याय आहे, आणि तो मृतांवर होत असल्यामुळे अधिकच बोचणारा आहे.

दुसरा आक्षेप असा, की जे घडले त्याची कल्पना कोणालाच नव्हती. हा मात्र टिकत नाही. जुलै २००४ मध्ये संघराज्याच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, म्हणजे ‘फीमा’च्या, पैशातून ‘हरिकेन पॅम’ नावाचा सराव झाला होता. त्यात कल्पिलेल्या वादळात न्यू ऑर्लिन्स बुडते आणि बळींचा अंदाज ६० हजारांवर जातो. वाहतुकीचा प्रश्न त्या सरावातही सुटला नाही. राज्याच्या २००५ च्या आराखड्याने लोकांना हलवण्यासाठी वाहने मिळवण्याचे काम राज्याच्या परिवहन खात्याकडे सोपवले होते, पण खात्याने त्याची काहीच तयारी केली नव्हती, हे सिनेटच्या चौकशीत उघड झाले. शहराच्या शाळाबस चालकांअभावी जागीच उभ्या राहिल्या आणि पाण्यात बुडाल्या. फीमाने कबूल केलेल्या बसगाड्या उशिरा आल्या. गव्हर्नर कॅथलीन ब्लँको आणि संघराज्य सरकार एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. बांध तर लष्कराच्या अभियंता विभागाने बांधले होते आणि त्यांच्या रचनेतच दोष असल्याचे त्या विभागाने २००६ मध्ये मान्य केले. तरीही १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्याने सरकारला दिलेल्या संरक्षणामुळे, कालव्यांकाठचे बांध फुटल्याबद्दलचा भरपाईचा दावा २००८ मध्ये फेटाळला गेला. फौजदारी खटला चालला तो एका खासगी वृद्धालयाच्या मालकांवर. तेथे ३५ रहिवासी बुडून मेले होते. ज्यूरीने २००७ मध्ये मालकांना निर्दोष ठरवले.

इतके वाटेकरी असतील तर कोणीच दोषी ठरत नाही, असेही म्हटले जाते. पण वाटेकरी अनेक असले म्हणून सर्वांचा वाटा सारखा होत नाही. महापौरांनी हुकूम एक दिवस आधी काढला असता, तर आणखी काही मोटारवाले सुटले असते. वाहन नसलेल्यांना मात्र बस नसताना तो दिवस फारसा कामी आला नसता. शिवाय घाईचीही किंमत असते. महिनाभरातच रिटा वादळाच्या धास्तीने ह्यूस्टन परिसरातून २५ लाखांवर लोक एकदम बाहेर पडले आणि त्या पळापळीत शंभरावर माणसे दगावली. त्यांतले २३ जण वृद्धालयातून हलवले जात असताना पेटलेल्या एका बसमध्ये गेले. म्हणून मुख्य दोष हुकमाच्या वेळेपेक्षा त्यामागच्या रिकाम्या व्यवस्थेकडे जातो. त्यात नगर, राज्य आणि संघराज्य या तिघांचा वाटा आहे, आणि ज्याच्याकडे साधने अधिक त्याचा वाटा मोठा.

साधने उभी केली की तीच माणसे निघतात, याचा पडताळा त्याच शहराने दिला. २००८ मध्ये गुस्ताव वादळापूर्वी न्यू ऑर्लिन्सने बस आणि रेल्वेने सुमारे १८ हजार जणांना बाहेर नेले. पाळीव जनावरांची सोय आराखड्यात करण्याचा कायदा २००६ मध्येच झाला होता. हे श्रीमंत देशालाच परवडते असे मानायचे कारण नाही. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळाने दहा हजारांच्या आसपास बळी घेतले. त्यानंतर किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावोगावी सराव झाले, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन येण्यापूर्वी राज्याने जवळपास दहा लाख लोक हलवले. त्या वेळी बळींची संख्या काही डझनांवरच थांबली.

माणसे हलवली म्हणजे जबाबदारी संपली, असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आयडा वादळापूर्वी लुइझियानातील सात वृद्धालयांतील ८०० हून अधिक रहिवाशांना एका गोदामात नेऊन ठेवण्यात आले. तेथील दुरवस्थेत काहींचा मृत्यू झाला आणि राज्याच्या आरोग्य खात्याने सातही वृद्धालयांचे परवाने रद्द केले. ते गोदाम वादळापूर्वी याच खात्याने पाहिले होते आणि थोड्या दिवसांच्या मुक्कामापुरते पुरेसे ठरवले होते.