आंग्र्यांच्या दर्यांतील एक नौकाहरण

भर समुद्रांत जहाज पळवून नेलें आहे, प्रवाशांपैकीं कोणी रडत आहे, कोणी पेटींतील रुपये मोजीत आहे, आणि कप्तानाच्या खुर्चीवर भलताच गृहस्थ येऊन बसला आहे, अशा कथा वाचण्याची गोडी समुद्रकांठच्या लोकांपेक्षां समुद्रापासून दूर राहणारांस अधिक असते, असें आम्हांस वाटतें. अमरावती-अकोल्याकडील आम्हां मंडळींस पूर्णेला पूर आला म्हणजेच काय तो नावेचा विचार सुचतो. मुंबईचा समुद्र अकोल्याहून आगगाडीनें साडेपांचशें किलोमीटरांहून अधिक दूर. तरीहि दर्यावरच्या साहसकथा आमच्या घरांतून लहानथोर सारेच हौसेनें वाचतात. ह्या कथा बहुधा परदेशच्या असतात. परंतु आपल्याच कोंकणच्या किनाऱ्यावर घडलेली, आणि कादंबरीकारासहि सुचणार नाहीं इतकी चमत्कारिक अशी एक हकीगत इतिहासाच्या पानांत पडून आहे. तींत हंसण्याजोगें पुष्कळ आहे. मात्र कोणास हंसावयाचें हें वाचकांनीं ती सबंध वाचल्यावर ठरवावें.

इ. स. १७१२ च्या नोव्हेंबर महिन्याच्या आरंभीं मुंबईहून दोन जहाजें कारवाराकडे निघालीं. एक ‘ॲन’ नांवाचें कंपनीचें लहानसें जहाज. दुसरी मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची सशस्त्र नौका. कारवारच्या वखारीवर नेमलेला टॉमस चाउन नांवाचा तरुण अधिकारी आपल्या पत्नीसह ह्या प्रवासांत होता. खुद्द गव्हर्नराची नौका बरोबर असल्यावर वाटेंत कोण आडवा येतो, असा साहेबमंडळींचा हिशेब असावा. दुसऱ्याच दिवशीं सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या चार गुराबा आडव्या आल्या.

गुराब म्हणजे काय हें आम्हां कोरडवाहू प्रांतांतील लोकांस सांगितलें पाहिजे. हें उथळ पाण्यांत चालणारें, पुढें निमुळतें असें लढाऊ तारूं. त्याच्या नाळीवरील तोफा थेट समोर डागतां येत. वारा पडला म्हणजे युरोपियनांचें उंच जहाज जागच्या जागीं खिळून राही. गुराबेस मात्र वल्हीं मारणारीं गलबतें दोर बांधून ओढीत नेत, आणि ज्या बाजूस शत्रूच्या तोफा नाहींत अशा पिछाडीस नेऊन उभी करीत. ह्या दिवशींहि नौकेच्या डोलकाठ्या तुटून पडल्या व दोन्हीं जहाजें हातीं लागलीं. चाउन याचा हात तोफेच्या गोळ्यानें उडाला आणि पत्नीच्या देखत रक्तस्राव होऊन तो मेला. ती गरोदर होती. तिला व इतर कैद्यांस कुलाब्याच्या किल्ल्यांत नेऊन ठेविलें.

ह्या बाईची पूर्वकथा जहाजाच्या लढाईपेक्षांहि विलक्षण आहे. तिचें माहेरचें नांव कॅथरिन कुक. बाप बंगाल्यांत कंपनीच्या नोकरीवर. १७०९ सालीं हें कुटुंब विलायतेहून कलकत्त्यास जाण्यास निघालें. परंतु जहाजास उशीर होऊन वारे प्रतिकूल झाले आणि तें कारवारास लागलें. तेथील वखारीचा मुख्य जॉन हार्वे हा उतारवयाचा व अंगानें बेढब गृहस्थ. त्यानें पाहुण्यांचें आदरातिथ्य फारच मनापासून केलें, आणि त्याचें कारण लवकरच कळलें: तेरा-चौदा वर्षांच्या थोरल्या मुलीस त्यानें मागणी घातली. पैशाची बोलणीं झालीं, लग्न लागलें, आणि मुलीस तेथेंच ठेवून आईबाप बंगाल्यास चालते झाले. आमच्याकडील बालाजरठ विवाहांवर ज्या इंग्रज ग्रंथकारांनीं पुढें कोरडे ओढले, त्यांनीं कारवारची ही सोयरीक ध्यानांत घेतली असती तर बरें झालें असतें. १७१२ सालीं हार्वे वारला. विधवेनें चाउनाशीं लग्न केलें. दोघें हार्वेच्या मालमत्तेचा उलगडा करण्यास मुंबईस आलीं, आणि परततांना आंग्र्यांच्या गुराबा भेटल्या. म्हणजे कुलाब्याचा दरवाजा तिच्यामागें बंद झाला तेव्हां ही मुलगी फार तर सतरा वर्षांची असून दुसऱ्यांदा विधवा झाली होती.

तीन महिन्यांहून अधिक काळ ती कैदेंत होती. १७१३ च्या फेब्रुवारींत तीस हजार रुपये घेऊन लेफ्टनंट मॅकिंटॉश हा कुलाब्यास गेला व कैद्यांस सोडवून आणिता झाला. क्लेमेंट डाउनिंग लिहितो कीं, बाई इतक्या हीन अवस्थेंत होती कीं मॅकिंटॉशास आपलेच कपडे तिच्या अंगाभोंवतीं गुंडाळावे लागले. हें वाक्य पुढील इंग्रज लेखकांनीं आवडीनें उचललें, आणि आंग्र्यांच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून तें आजवर चालत आलें आहे. डाउनिंगचें पुस्तक १७३७ चें, म्हणजे प्रसंगानंतर चोवीस वर्षांनीं छापलेलें. तें खोटेंच असें आम्ही म्हणत नाहीं. किल्ल्यांतील कैद ही कैदच, आणि एका गरोदर पोरीस तेथें तीन महिने ठेवणें हें सरखेलांच्या कीर्तींत भर घालणारें नव्हे. एवढें मात्र खरें कीं, ह्या गोष्टींत बोलणारा पक्ष सर्वत्र इंग्रजांचा आहे. १९०७ सालीं कर्नल बिडल्फ यानें ही सारी हकीगत ज्या ग्रंथांत सविस्तर दिली त्याचें नांवच ‘मलबारचे चांचे’.

मग आंग्रे चांचे होते काय? कोंकणच्या समुद्रांत जावयाचें तर सरखेलांचें दस्तक घ्यावें, नाहीं तर जहाज धरलें जाईल, हा त्यांचा नियम. हाच नियम त्यांच्या दोनशें वर्षें आधीं पोर्तुगीजांनीं ‘कार्ताज’ ह्या नांवानें सुरू केला होता, आणि इंग्रजहि आपले परवाने देत असत. तिघांच्याहि कागदांचा अर्थ एकच होता. चांचेपणा तेवढा मराठी कागदाच्या कपाळीं आला. १७२४ मध्यें गव्हर्नर फिप्स यानें लुटारूपणाचा ठपका ठेविला तेव्हां कान्होजींनीं त्यास उलट कळविलें कीं, दुसऱ्याच्या मालाचा लोभ व्यापाऱ्यांसहि सुटलेला दिसत नाहीं. ह्या उत्तरांत जो मिष्किलपणा आहे तो आम्हांस फार आवडतो.

हा शब्दांचा घोळ अडीचशें वर्षांनींहि मिटला नव्हता. १९६१ च्या जानेवारींत हेन्रिक गाल्व्हाव नांवाच्या पोर्तुगीज कप्तानानें ‘सांता मारिया’ हें सुमारें सहाशें उतारूंचें आलिशान जहाज हुकूमशहा सालाझारच्या निषेधार्थ पळविलें. पोर्तुगाल सरकार त्याला चांचा म्हणालें, तो स्वतःस बंडखोर म्हणवीत होता, आणि हीं भांडणें चाललीं असतां उतारूंचीं जेवणें वेळेवर होत होतीं. झटापटींत एक अधिकारी मात्र प्राणास मुकला. अखेर ब्राझीलच्या बंदरांत जहाज सोडून देण्यांत आलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पोर्तुगीजांस गोवेंहि सोडावें लागलें, हा योगायोग आम्हीं जातां जातां नोंदतों.

आतां कुलाब्याकडे वळूं. कान्होजींनीं कैदी सोडले ते केवळ पैशासाठीं नव्हे. ते त्या वेळीं ताराबाईंच्या पक्षाचे. साताऱ्याहून शाहूमहाराजांची फौज चालून येण्याचा रंग दिसत होता, आणि जमिनीवर लढावयाचें तर समुद्राकडील पाठ मोकळी हवी, म्हणून इंग्रजांशीं त्यांनीं सलूख केला. पुढें त्यांनीं शाहूंचा पेशवा बहिरोपंत पिंगळे यासच कैद केलें. शेवटीं बाळाजी विश्वनाथांनीं १७१४ मध्यें त्यांस साताऱ्याच्या पक्षास आणिलें. ह्या समेटाची किंमत पुढें सात वर्षांनीं दिसून आली. मध्यंतरीं, १७२० च्या पावसाळ्यांत, आमच्या अकोला जिल्ह्यांतील बाळापुराजवळ निजामानें अलमअलीखानाचा पाडाव केला. खानाच्या मदतीस गेलेल्या मराठ्यांनाहि तेथें मोठी झळ लागली व शंकराजी मल्हार शत्रूच्या हातीं सांपडले. वऱ्हाडच्या बाजूस असा प्रबळ शत्रु उभा राहिला असतांहि साताऱ्यानें पुढच्याच वर्षीं कोंकणांत आंग्र्यांच्या साह्यास घोडदळ धाडलें.

त्याची गरज पडली, कारण मुंबईकर स्वस्थ बसले नव्हते. एस्लाबीनंतरचा गव्हर्नर चार्ल्स बून यानें आंग्र्यांचा निःपात करण्याचा विडाच उचलला होता. १७१७ मध्यें विजयदुर्ग व १७१८ मध्यें खांदेरी येथें हात पोळल्यावर त्यानें ‘फ्राम’ नांवाचा एक अगडबंब तरंगता तोफखाना बांधविला. १७२० मध्यें तो मोठ्या डौलानें विजयदुर्गासमोर नेला, तों तोफांचीं तोंडें इतकीं खालीं बसविलेलीं निघालीं कीं गोळे किल्ल्याऐवजीं जवळच्याच पाण्यांत पडूं लागले. किल्ल्यावरील गोलंदाजांची त्या दिवशीं चांगली करमणूक झाली असली पाहिजे.

१७२१ मध्यें इंग्लंडच्या राजाचीं चार लढाऊ जहाजें घेऊन कमोडोर टॉमस मॅथ्यूज मुंबईस आला. पहिलें युद्ध झालें तें आंग्र्यांशीं नव्हे, तर बूनशीं: आधीं सलामी किल्ल्यानें द्यावयाची कीं जहाजानें? हा प्रश्न कसाबसा मिटल्यावर इंग्रज व गोव्याचा व्हाइसरॉय यांनीं मिळून डिसेंबरांत कुलाब्यावर चाल केली. कमोडोरसाहेब टेहळणी करीत असतां एका मराठा स्वारानें त्यांच्या मांडींत भाला मारिला. साहेबांनीं रागानें घोडा त्याच्यामागें पिटाळला, पिस्तुल रोखलें, चाप ओढला. पिस्तुल उडेना, कारण बारच भरलेला नव्हता! पुढें हल्ला फसला, पोर्तुगीजांची फळी फुटली, आणि तोफा व दारूगोळा टाकून सैन्य मागें पळालें. तेव्हां मॅथ्यूज थेट पोर्तुगीजांच्या सेनापतीवर धावून गेला व हातांतील काठी त्यानें त्याच्या तोंडांत खुपसली. व्हाइसरॉयाचाहि मान त्यानें फारसा राखला नाहीं. व्हाइसरॉय प्रकृतीचें निमित्त करून जहाजावर जाऊन बसला. इतक्यांत बाजीरावसाहेब फौजेनिशीं येऊन ठेपले, आणि १७२२ च्या जानेवारींत पोर्तुगीजांनीं इंग्रजांस बाजूस ठेवून मराठ्यांशीं तह उरकून घेतला. कान्होजी १७२९ पर्यंत जगले. त्यांच्या हयातींत कुलाबा कोणास घेतां आला नाहीं.

आतां त्या बाईचें पुढें काय झालें? सुटकेनंतर तिला मुलगा झाला. मग तिनें विल्यम गिफर्ड नांवाच्या कंपनीच्याच नोकराशीं तिसरें लग्न केलें. तो केरळच्या किनाऱ्यावरील अंजेंगोच्या वखारीचा मुख्य झाला, मिऱ्यांच्या व्यापारांत त्यानें लोकांस नाडलें, आणि १७२१ च्या एप्रिलांत अट्टिंगलच्या राणीस नजराणे देण्यास सुमारें एकशें चाळीस माणसें घेऊन गेला असतां तेथें साऱ्यांची कत्तल झाली. तिसऱ्यांदा विधवा झालेली कॅथरिन एका लहानशा गलबतांतून कशीबशी मद्रासेस पोंचली. कंपनीनें तिच्याकडे अंजेंगोच्या हिशेबाची बाकी मागितली. आंग्र्यांनीं एकदां रुपये मोजून घेतल्यावर तिच्याकडे पुन्हा कांहीं मागितलें नव्हतें. कंपनीचा तगादा मात्र तिच्या पाठीमागें मद्रासेहून कलकत्त्यास आणि कलकत्त्याहून मुंबईस येत राहिला. अखेर ती ज्याच्या आश्रयास गेली तो दुसरा कोणी नसून कुलाब्यास काठी चालविणारा मॅथ्यूज. कंपनीशीं त्याचें हाडवैर झालेलेंच होतें. त्यानें तिला आपल्या जहाजावर घेतलें आणि कोणाचें न ऐकतां इंग्लंडास नेलें. तेथें १७२४ मध्यें मॅथ्यूजवर लष्करी न्यायालयापुढें खटला चालला व चार महिन्यांच्या पगारास तो मुकला. बाईच्या मागें कंपनीच्या संचालकांचें मागणें लंडनांतहि होतेंच: अंजेंगोचा हिशेब द्या.