हुमणी : भाजीवाडीतील सेंद्रिय नियंत्रण

हुमणी (उन्नी) ही भुंगेऱ्याची जमिनीत राहून मुळे खाणारी अळी. महाराष्ट्रात होलोट्रिकिया सेराटा ही जाती प्रमुख असून ऊस व भुईमुगाप्रमाणेच वांगी, मिरची, टोमॅटो या भाज्यांनाही तिचा उपद्रव होतो. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यातले अड्याळ धानपट्ट्यात येते. तिथल्या पाणी साचलेल्या बांधीत (धानाच्या खाचरात) ही अळी तगत नाही; निचऱ्याच्या हलक्या जमिनीवरील सांदवाडी (घराजवळची भाजीवाडी) मात्र तिला मानवते.

ओळख : पाणी देऊनही रोप कोमेजते, ओढताच सहज उपटून येते, तंतुमुळे नाहीशी झालेली असतात. वीतभर खणल्यास इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची पांढरट अळी सापडते. याउलट, वाळवीने पोखरलेल्या मुळांत मातीचे लिंपण दिसते, तर कुरतडणारी अळी रोप जमिनीलगत तोडते.

जीवनक्रम : वर्षाला एकच पिढी. पहिल्या दमदार पावसानंतर भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर पाला खातात व मीलन करतात. मादी मातीत अंडी घालते. अळ्या पावसाळाभर मुळांवर वाढतात, जमिनीतच कोष करतात आणि नवे भुंगेरे पुढच्या पावसापर्यंत तिथेच दडून राहतात.

नियंत्रण : अंडी पडण्यापूर्वी भुंगेरे मारणे सर्वांत परिणामकारक. रात्री फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकतात. ते आसपासच्या झाडांवरून उडत येत असल्याने हे काम गावाने मिळून करावे लागते. उन्हाळी खोल नांगरटीने उघड्या पडलेल्या किडी बगळे, कावळे व साळुंक्या टिपतात. कच्चे शेणखत टाळून पूर्ण कुजलेलेच वापरावे. लागवडीपूर्वी मातीत निंबोळी पेंड मिसळावी.

अळ्या लहान असतानाच मेटारायझियम ही मित्रबुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलसर मातीत मुळांजवळ देतात. बुरशीचे बीजाणू अळीच्या त्वचेवर रुजून आत शिरतात. मेलेल्या अळीवर पुढे हिरवी बुरशी दिसते. रशियन जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉव यांनी 1879 मध्ये गव्हावरील भुंगेऱ्यांसाठी हिचा वापर सुचवला होता. बुरशी सजीव असल्याने तिच्यासोबत बुरशीनाशक देत नाहीत. कोरड्या, तापलेल्या मातीत ती निष्प्रभ ठरते. पूर्ण वाढलेल्या अळीवर उपाय सहसा लागू पडत नाहीत. तेव्हा रोपाभोवती खणून अळ्या वेचणे एवढेच हाती राहते.