कंधार (जि. नांदेड)

नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि राष्ट्रकूटकालीन नगर. मन्याड नदीकाठी, नांदेडच्या नैर्ऋत्येस रस्त्याने सुमारे ५० किमी.वर वसलेले. मन्याड पुढे मांजरेला मिळते. सर्वांत जवळचे मोठे रेल्वे स्थानक नांदेड असून तिथून एस.टी. लोह्यामार्गे येते. गावात भुईकोट किल्ला, जगत्तुंग समुद्र नावाचे प्राचीन तळे, क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष, दर्गा, मठ आणि जैन शिल्पे आहेत. मात्र ही सारी एका आवारात नाहीत. ती वस्तीत आणि शिवारात विखुरलेली असल्याने कंधार गाडीतून पाहून होत नाही, पायीच पाहावे लागते. आणि सोबत कोणी सांगणारे नसेल, तर त्यातले निम्मे डोळ्यांपुढून निसटते.

लातूर हे राष्ट्रकूटांचे मूळ स्थान मानले जाते. त्यांच्या लेखांत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हे बिरुद येते आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजधानी मात्र मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. त्यांच्या मुलखात कंधारपूर, म्हणजे आजचे कंधार, भरभराटीला आले ते दहाव्या शतकात, तिसऱ्या कृष्णाच्या काळात (कार. ९३९–९६७). ९४९ मध्ये तक्कोलम येथे चोळांचा पराभव करणारा हा राजा. त्याच्या काळातला एक शिलालेख कंधारला सापडला असून मराठवाड्याच्या इतिहासाच्या अभ्यासकाला तो टाळून पुढे जाता येत नाही. राजाची स्तुती तर त्यात आहेच. त्याशिवाय गावातली देवस्थाने, तळे आणि त्यांच्या व्यवस्थेसाठी नेमून दिलेली उत्पन्ने यांचाही उल्लेख आहे. हजार वर्षांपूर्वीच्या मराठवाड्यातले एखादे नगर कसे चालत होते, हे दगडावर इतक्या तपशिलाने क्वचितच वाचायला मिळते. कृष्णानंतर काही वर्षांतच, ९७२ मध्ये, परमार सीयकाने मान्यखेट लुटले आणि पुढच्याच वर्षी चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपवली.

फिरायला सुरुवात किल्ल्यापासून करावी. कंधारचा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. साहजिकच त्याचे सारे संरक्षण पाणी, तट आणि वळणे यांवर अवलंबून होते. सभोवती रुंद खंदक, त्याच्या आत तट, आणि दरवाजा सरळ समोर न ठेवता आडवळणाने आत नेणारा. घाई न करता खंदकाच्या काठाने तटाच्या बाहेरून चालत जावे. किल्ला घ्यायला आलेल्या सैन्याला तो कसा दिसत असेल, हे तिथून उमजते.

मोगलांनी तो याच बाजूने पाहिला होता. १६३१ मध्ये किल्ला निजामशाहीकडे होता. शहाजहानची छावणी बुऱ्हाणपूरला होती आणि त्याच्या नसिरी खान या सरदाराने कंधारला वेढा घातला. दख्खनमध्ये तेव्हा १६३०–३२ चा भीषण दुष्काळ चालू होता. मे महिन्यात किल्ला पडला. पुढच्याच महिन्यात बुऱ्हाणपूरला मुमताजमहल निवर्तली. या वेढ्याचे पयाग या चित्रकाराने काढलेले चित्र ‘पादशाहनामा’च्या सचित्र हस्तलिखितात आहे आणि ते हस्तलिखित आज इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजसंग्रहात आहे. तोफांचा धूर, घोडेस्वार आणि मैदानात पडलेली प्रेते त्यात दिसतात. मोगल चित्रकलेत युद्धाची किंमत इतक्या उघडपणे दाखवणारी चित्रे थोडी आहेत. अफगाणिस्तानातील कंदाहारशी नावाचे साम्य असल्याने पुष्कळ लोक हा प्रसंग तिकडचा समजतात. तो मराठवाड्यातला आहे, हे कंधारच्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवे. खंदकाकाठी उभे राहून ते चित्र फोनवर पाहावे.

आत गेल्यावर लाल महाल, राणी महाल, मशीद, पाण्याचे हौद आणि बुरूज दिसतात. अरबी आणि फारसी शिलालेखही इथे आहेत. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचे निजाम यांच्या राजवटींनी आपापले बांधकाम मागे ठेवले. पण एकाने बांधलेले दुसऱ्याने समूळ पाडले, असे मात्र दिसत नाही. जुने दगड नव्या भिंतीत आले आहेत. किल्ल्यात आणि गावात मिळालेल्या जैन मूर्ती राष्ट्रकूट काळातल्या धर्मजीवनाची साक्ष देतात.

त्यानंतर क्षेत्रपालाचे अवशेष पाहावेत. मूर्ती उभी नाही, तिचे वेगवेगळे भाग तेवढे उरले आहेत. नुसती पावले पाहिली तरी मूर्ती कित्येक पुरुष उंच असावी, हे कळते. पावलाशेजारी उभे राहून मान वर करावी आणि जे आज तिथे नाही त्याची उंची मनात मोजावी. अशा वेळी माहितीचा फलक फारसा उपयोगी पडत नाही. कानात हलक्या आवाजात कोणी सांगत असेल, तर ती मूर्ती अधिक लवकर उभी राहते.

तिथून जगत्तुंग समुद्राकडे जावे. जगत्तुंग ही राष्ट्रकूट घराण्यातली पदवी. तिसरा गोविंद तिने ओळखला जाई. तळ्याला ‘समुद्र’ म्हणण्याची रीत दख्खनमध्ये जुनी आहे, आणि पावसावर जगणाऱ्या या मुलखात तळे बांधणाऱ्याला समुद्र बांधल्याइतकेच पुण्य लाभत असणार. संध्याकाळी इथे पाणपक्षी उतरतात. ही वाट इथे संपवावी.

गावातील हाजी सय्याह सरवर मगदूम यांच्या दर्ग्याचा उरूस आणि साधू महाराजांचा मठ यांना सर्व थरांतले भाविक येतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तालुक्यातील कल्हाळीच्या गढीवर अप्पासाहेब नाईक आणि त्यांचे सहकारी रझाकारांशी लढताना धारातीर्थी पडले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाले. शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे (मृत्यू १ जानेवारी २०२३) हे कंधारचे दीर्घकाळ आमदार होते, तर १९७७ मध्ये ते नांदेडचे खासदार झाले.

देशभर कंधारचे नाव पोचवले ते मात्र एका गुराने. लाल कंधारी ही गडद तांबड्या रंगाची, शेतकामाला दणकट जात काळ्या जमिनीत आणि कडक उन्हात टिकते. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील देवणी ही तिची बरोबरीची जात. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, मार्गशीर्षात, या जनावरांचा बाजार भरतो. त्या दिवसांत कंधार पाहायला येणाऱ्याने तो पाहिल्याशिवाय परतू नये.

कंधारला सोबत सांगणारे कोणी नसेल, तरी त्यावर उपाय आहे. जुनी गावे कानाने पाहण्याची पद्धत आता जगभर रुळली आहे. १९५२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात पाहुण्यांच्या कानाशी बोलणारे यंत्र आले. आज वेल्समधल्या लहानशा खेड्यातही माणूस फोन खिशात ठेवून, चर्च, पूल, गिरणी अशा थांब्याथांब्याला गोष्ट ऐकत आपल्या चालीने फिरू शकतो. कंधारला यंत्राची किंवा निधीची वाट पाहण्याची गरज नाही. किल्ला, खंदक, क्षेत्रपाल आणि तळे असे चार थांबे पुरेत. प्रत्येक थांब्याची माहिती चार-पाच मिनिटांत सांगता येते. ती मराठीत असावी आणि इथल्याच माणसाच्या आवाजात, इथल्या बोलीत असावी.

या नोंदीच्या वाचकाने कंधारला जाण्यापूर्वी ही नोंद मोठ्याने वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करावी. गावात गेल्यावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला किल्ल्याजवळ बसवून त्याच्या तोंडून गावाची हकीकत विचारावी आणि त्याच्या परवानगीने तीही मुद्रित करून घ्यावी. उन्हाळा टाळून पावसाळ्यानंतर जावे. तेव्हा खंदकात पाणी असते.