काडीमोडीपासून कायद्यापर्यंत



स्मरणिकेसाठी विषय जरा अवघड घेतला आहे. नवराबायकोचे पटेनासे झाले म्हणजे बाईचे काय आणि लेकराचे काय, हा प्रश्न चुलीपाशी कुजबुजत बोलला जातो, चारचौघांत कोणी काढत नाही. पण त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक नसला म्हणजे पाच माणसांनी पुढे केलेल्या कागदावर बाई अंगठा उठवते आणि पुढे जन्मभर पस्तावते.

पूर्वी उच्चवर्णीयांत लग्नाची गाठ मोडतच नसे. नवऱ्याने दुसरी बायको करावी, पहिलीने सवतीजवळ राहावे नाहीतर माहेरी भाकरी मोडावी. पुष्कळ जातींत मात्र काडीमोड होती. पंच बसत, नवरा फारकत देई आणि बाईला पाट लावता येई. परंतु नवऱ्याने फारकत न देता नुसत्या पंचांनी मोकळीक दिली, तर ती मुंबईच्या हायकोर्टाने मानली नाही. १८७६ साली त्या कोर्टाने स्पष्ट सांगितले की, लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसरे लग्न करू देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मान्य करणार नाही. म्हणजे दार होते, पण त्याची किल्ली नवऱ्याच्या हाती.

अशा काळात मुंबईच्या रखमाबाईंचा खटला उभा राहिला. त्यांचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचे लग्न लागले, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून त्या शिकल्या. १८८४ साली बायकोने नांदायला यावे म्हणून दादाजींनी दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्यावर अपील झाले, खटला पुन्हा चालला आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन म्हणून सांगितले. लोकमान्य टिळकांसारख्या मोठ्या माणसांनीही त्यांच्यावर टीका केली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. पुढे रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी बायकांच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षे सेवा केली. घटस्फोटाचा कायदाच नसल्याने कागदोपत्री त्या दादाजींची बायकोच राहिल्या.

कायद्याचे पाऊल पुढे हळूहळूच पडले. सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात तो १९४७ साली झाला. पण आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे मुंबईचा कायदा ईटच्या बाईला उपयोगाचा नव्हता. डॉक्टर आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले. ते बिल रखडले आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, त्याचे हे एक मोठे कारण होते. अखेर हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून लागू झाला आणि तो आपल्यालाही मिळाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई वारल्या. जिच्यापाशी कायदा नव्हता, तिने डोळे मिटण्याआधी चार महिने तो आला! छळ केला किंवा टाकून दिले, एवढ्या कारणावर घटस्फोट मिळण्याची आणि दोघांच्या संमतीने वेगळे होण्याची सोय मात्र १९७६ साली झाली.

मुसलमान भगिनींसाठी कोर्टातून तलाक मागण्याचा कायदा १९३९ चा आहे. तोंडी तलाकाविरुद्ध हमीद दलवाई यांच्याबरोबर सात बायकांनी १९६६ साली मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता. तीन वेळा तलाक म्हणून बायकोला घालवणे हा गुन्हा ठरला २०१९ साली.

आता लेकराकडे वळू. "मूल बापाचे" ही आपली जुनी समजूत. १९५६ च्या कायद्यानेही हिंदूंच्या मुलांचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि त्याच्यानंतर आई, असेच लिहिले. परंतु त्यातच दोन गोष्टी घातल्या. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईजवळ राहावे, आणि सर्वांत आधी मुलाचे हित पाहावे. १९७० साली आपल्याच राज्यातला एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. आईबाप वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहात होते. मुलगी आईजवळ वाढली आणि तिच्या नावची जमीन आईच कसायला लावून देई. बाप हयात असताना आईला तो अधिकार होता काय, असा वाद निघाला. ज्या बापाने लक्षच घातले नाही तो असून नसल्यासारखा, तेव्हा आई हीच पालक, असे कोर्टाने ठरवले. पुढे लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली न्यायालयाने सांगितले की, "नंतर" म्हणजे बाप मेल्यानंतरच असे नव्हे. तो जबाबदारी घेत नसेल तरी आई पालक होते. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला आहे.

या इतिहासातून आपण काय घ्यायचे? अजूनही स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून देतात. जातीत तशी जुनी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध झाले तरच ती टिकते. नाहीतर पहिले लग्न कायमच राहते आणि दुसरे लग्न गुन्हा ठरते. "मुलावर माझा हक्क नाही" असे लिहून घेतले तरी कोर्ट त्याने बांधले जात नाही. ते मुलाचे हित पाहते, जाणत्या मुलाला त्याची इच्छाही विचारते. मूल आईजवळ राहिले म्हणून बापाची खर्चाची जबाबदारी सुटत नाही. तसेच आईबाप वेगळे झाले तरी ज्याच्याजवळ मूल नाही, त्याच्या भेटीची सोय कोर्ट करून देते. लेकराला दोघेही हवे असतात, हे आपणही रागाच्या भरात विसरू नये.

संसार मोडावा असे कोणत्याही बाईला वाटत नाही. समजुतीने जुळत असेल तर सोन्याहून पिवळे. पण जुळतच नसेल तर अंगठा उठवण्याआधी वकिलाला विचारावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. एकटीला भीती वाटत असेल तर मंडळातल्या दोघीतिघींनी तिच्याबरोबर भूमला जावे. रखमाबाईंना सारे एकटीने सोसावे लागले. आपल्या गावच्या बाईवर तशी वेळ येऊ नये.