मोटारीचे झिजलेले सस्पेन्शन : मर्यादित खर्चात कोणता भाग आधी बदलावा?

नवी दिल्ली : रोजच्या वापरातील आठ-दहा वर्षे जुनी मोटार खड्ड्यांतून जाताना खडखडू लागली, की गॅरेजमध्ये अनेकदा संपूर्ण सस्पेन्शन बदलण्याचा सल्ला मिळतो आणि खर्चाचा आकडा ऐकून वाहनधारक ते काम पुढे ढकलतो. प्रत्यक्षात सस्पेन्शनचे सर्व भाग एकाच वेगाने झिजत नाहीत आणि त्यांच्या झिजेचा धोकाही सारखा नसतो. काही भाग निकामी झाल्यास प्रवास केवळ त्रासदायक होतो, तर काही तुटल्यास चाकावरील ताबाच सुटतो. त्यामुळे पैसे मोजके असतील तेव्हा भाग कोणत्या क्रमाने बदलावेत, हा निर्णय सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो.

रचना आणि कार्य

भारतातील बहुतेक लहान मोटारींत पुढील चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आणि मागील चाकांना टॉर्शन बीम अशी रचना असते. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी स्ट्रटची रचना सुटसुटीत व कमी खर्चाची असल्याने जगभर रुळली. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मोटारीतही पुढील बाजूस तीच होती.

या रचनेत मोटारीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉक ॲब्सॉर्बर वजन पेलत नाही. आतील तेल बारीक छिद्रांतून ढकलून तो स्प्रिंगची उसळी शमवतो आणि टायर रस्त्याला टेकलेले ठेवतो. लोअर आर्म चाकाला जागेवर धरून ठेवतो. त्याच्या एका टोकाला रबरी बुश, तर दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंट असतो. टाय रॉड एंड हा स्टिअरिंगचा भाग चाकाला वळवतो. वळणावर मोटार कलू नये यासाठी आडवा अँटीरोल बार असतो आणि तो लिंक रॉडने स्ट्रटला जोडलेला असतो.

आवाज आणि धोका

सर्वाधिक आवाज करणारा भाग आणि सर्वाधिक धोकादायक भाग हे नेहमी एकच नसतात. लहान खड्ड्यांवर येणारी खडखड पुष्कळदा लिंक रॉडची असते. हा भाग तुलनेने स्वस्त असून थोड्या वेळात बदलता येतो. याउलट शॉक ॲब्सॉर्बर आवाज न करताही निकामी झालेला असू शकतो. मोटार गतिरोधकानंतर दोन-तीनदा उसळणे, ब्रेक लावताच पुढचा भाग जास्त झुकणे, टायरवर लाटांसारखे खळगे पडणे आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीवर तेल ओघळलेले दिसणे, ही त्याची लक्षणे होत. नळीवर तेलाचा पुसट थर असणे म्हणजे मात्र गळती नव्हे.

बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची प्रचलित चाचणी पूर्णतः निकामी झालेला शॉक ॲब्सॉर्बर ओळखण्यापुरतीच उपयोगी आहे. अचूक निदानासाठी मोटार लिफ्टवर घेऊन तपासणी करावी लागते. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यास टाय रॉड एंडमधील, तर वर-खालून धरून हलवल्यास बॉल जॉइंट किंवा बेअरिंगमधील ढिलाई जाणवते. पहारीने आर्म किंचित उचकटून पाहिल्यास फाटलेले बुश डोळ्यांनी दिसते. ही तपासणी वाहनधारकाने समोर उभे राहून पाहावी आणि झिजलेल्या भागांची यादी लेखी घ्यावी.

खर्चाचा क्रम

पहिला क्रम चाक धरून ठेवणाऱ्या भागांचा आहे : ढिला बॉल जॉइंट, ढिला टाय रॉड एंड आणि तडकलेली स्प्रिंग. बॉल जॉइंट निखळल्यास चाक आडवे होऊन मोटार जागीच बसू शकते. त्यामुळे ही कामे पुढच्या पगारापर्यंत लांबवू नयेत. लोअर आर्मचे बुश फाटल्याने ब्रेक लावताना मोटार एका बाजूला ओढली जात असेल, तर तेही याच क्रमात येते.

दुसरा क्रम गळणाऱ्या किंवा निकामी शॉक ॲब्सॉर्बरचा आहे. टायरची पकड सुटत राहिल्याने ब्रेक लावल्यावर मोटार थांबण्यास अधिक अंतर लागते आणि टायरही लवकर झिजतात. म्हणजे येथे केलेली काटकसर टायरच्या खर्चात वाया जाते. चारही शॉक ॲब्सॉर्बर एकदम बदलणे शक्य नसल्यास पुढची किंवा मागची जोडी बदलावी. जोडीतील एकच बदलल्यास डाव्या-उजव्या बाजूंचे वर्तन भिन्न होते.

लिंक रॉड आणि अँटीरोल बारची रबरे तिसऱ्या क्रमात येतात. केवळ आवाजाची तक्रार असल्यास त्यांना काही काळ थांबवता येते.

मजुरीतील बचत

स्ट्रट उतरवण्याची मजुरी एकदाच द्यावी लागावी, यासाठी त्याच वेळी वरचा माउंट, बंप स्टॉप व धूळरोधक आवरण तपासून खराब असल्यास बदलावे. स्ट्रट, लोअर आर्म किंवा टाय रॉड एंड बदलल्यानंतर व्हील अलाइनमेंट आवश्यक असते. म्हणून पुढील बाजूची कामे एकत्र केल्यास तो खर्च एकदाच होतो. केवळ लिंक रॉड किंवा टॉर्शन बीमवरील मागचे शॉक ॲब्सॉर्बर बदलल्यास सहसा अलाइनमेंटची गरज भासत नाही.

लोअर आर्म सरळ व शाबूत असेल, तर संपूर्ण आर्मऐवजी प्रेसवर नवे बुश बसवता येते. मात्र बॉल जॉइंटही झिजला असेल, तर दोन सुट्या कामांची मजुरी धरता पूर्ण आर्म स्वस्त पडू शकतो. आर्मचे बोल्ट चाके जमिनीवर टेकून मोटारीचे वजन त्यांवर आल्यावरच अखेरचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना ते आवळल्यास रबर कायम पिळलेले राहते आणि नवे बुश अल्पावधीत फाटते. स्ट्रटची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत प्रचंड ताणाखाली असते. ती निसटल्यास गंभीर इजा होऊ शकते. योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर नसल्यास हे काम घरी करू नये.

खरेदी करताना

वाहन कंपनीच्या वेष्टनातील अनेक भाग प्रत्यक्षात सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांकडून आलेले असतात. १९६१ मध्ये स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया ही कंपनी मोटार कारखान्यांना शॉक ॲब्सॉर्बर पुरवते आणि स्वतःच्या नावाने खुल्या बाजारातही विकते. दिल्लीतील काश्मिरी गेट किंवा बेंगळुरूतील जे. सी. रोडसारख्या बाजारांत अशा भागांच्या किमतींची तुलना करता येते. वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव आणि निर्मितीचा महिना पाहून पक्क्या बिलासह खरेदी करावी. बिलाशिवाय हमीचा दावा करणे कठीण जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. जुने अंदाजपत्रक हाती असल्यास ते नव्याने मागावे.

तेल भरून व रंगवून विकले जाणारे जुने शॉक ॲब्सॉर्बर टाळावेत. आतील झडपा आणि दट्ट्याची झीज रंगाखाली दिसत नाही. स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी तुकडे मोटारीची उंची थोडी वाढवतात. मात्र उसळी शमवणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम ते करू शकत नाहीत.

काम पूर्ण झाल्यावर जुने भाग परत मागून घ्यावेत. साधारण आठवडाभराच्या वापरानंतर बोल्टचा आवळपणा आणि स्टिअरिंगचा सरळपणा पुन्हा तपासून घ्यावा.