आधी खेळ, मग गाव

अमेरिकेत वायोमिंग राज्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत, कोडी नावाचे गाव आहे. उन्हाळ्यात तेथे रोज रात्री ‘रोडिओ’ रंगतो. उधळलेल्या घोड्यावर मांड टिकवायची, फासाचा दोर टाकून वासरू धरायचे. ही प्रथा १९३८ सालची. प्रेक्षक तिला जुन्या पश्चिमेचा वारसा मानतात. आम्हांस मात्र क्रम उलटा दिसतो. गावाच्या संस्थापकांपैकी एक, बफेलो बिल कोडी, याने आपला ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ १८८३ सालीच मांडला होता; गाव वसू लागले ते १८९६ च्या सुमारास! १८८५ साली लाकोटांचा पुढारी सिटिंग बुल त्या खेळात एक हंगाम फिरला. लोक तिकीट काढून त्याला पाहात. १८९० च्या डिसेंबरात त्याला धरावयास आलेल्या पोलिसांच्या गोळ्यांनी तो मारला गेला. खेळ पुढेही चालूच राहिला.